वादळ, शेळी आणि दोन पानं

फ्रान्समध्ये लहान मुलांचा जीभ वळवण्याचा एक जुना खेळ आहे. धान्य दळलं जातं का, अंगरखा शिवला जातो का, अशा साध्या प्रश्नोत्तरांचा. सावकाश म्हटला तर अर्थ कळतो. भरभर म्हणायला लागलं की शब्द एकमेकांत गुंततात आणि उरतो तो नुसता नाद, कुठल्याशा अनोळखी भाषेतल्या मंत्रासारखा. आपल्या कच्च्या-पक्क्या पापडांचाच हा भाऊबंद.

१९६९ साली ‘पिलोत’ या फ्रेंच साप्ताहिकात मार्सेल गोतलिबनं या नादाभोवती दोन पानांची एक चित्रकथा रचली. नाव होतं ‘शांसों एग्र-दूस’, म्हणजे आंबटगोड गाणं. एक मुलगा खेड्यातल्या एका शेतावर राहतो आहे. ज्यांच्या घरी तो राहतो त्यांना त्याची फारशी माया नाही. जवळची म्हणावी अशी एकच, ती म्हणजे शेळी. बाहेर वादळ आहे, आणि मुलाजवळ त्या शेळीची ऊब आणि ते निरर्थक शब्द. बस्स. हा मुलगा तिथे कसा आला, त्याचे आईबाप कुठे आहेत, वादळ नेमकं कसलं, यातलं काही फोडून सांगितलेलं नाही.

‘पिलोत’चे वाचक गोतलिबचं नाव दिसलं की हसायच्या तयारीनंच पान उघडत. आदल्या आठवड्यांत त्यानं त्यांना झाडाखाली बसलेला न्यूटन दाखवला होता, परीकथांची पार वाट लावून दाखवली होती, प्राण्यांवर अतिशय विद्वान आणि अतिशय निरुपयोगी व्याख्यानं दिली होती. त्यात एकदम ही शेळी. बऱ्याच वाचकांना तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पनाच करावी लागते. तो मुलगा खुद्द गोतलिब होता, ते शेत पॅरिसच्या पश्चिमेला रुएय-ला-गादलिएर नावाच्या गावात होतं, आणि वादळ १९४२ चं होतं, ही माहिती त्या पानांच्या बाहेरची.

आपल्याकडे फ्रेंच विनोदी चित्रकथा म्हटलं की इंग्रजीच्या वाटेनं आलेला ॲस्टेरिक्स आठवतो. गोतलिब त्या वाटेनं आला नाही, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. त्याचा निम्मा विनोद फ्रेंच भाषेच्या कोट्यांत आहे आणि उरलेला फ्रेंच शाळेच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरात. पण १९६५ ते १९७७ या बारा वर्षांत फ्रान्समध्ये मुलांचं कॉमिक्स मोठ्यांचं झालं. त्या घडामोडीत जे दोनतीन लोक ऐन मध्यभागी उभे होते, त्यांत हा माणूस आहे. आणि त्या मध्यभागी उभं राहणं त्याला महागात पडलं.

जन्म १४ जुलै १९३४, पॅरिस. १४ जुलै म्हणजे बास्तियचा दिवस, फ्रान्सचा राष्ट्रीय सण. घराणं मात्र हंगेरीकडून आलेल्या ज्यू स्थलांतरितांचं. खरं आडनाव गॉटलीब. जर्मनमध्ये फोड केली तर ‘देवाचा लाडका’ असं काहीसं होतं. चित्रांखाली सही करताना त्यानं त्यातली दोन अक्षरं गाळून टाकली. वडील एर्विन घरांना रंग द्यायचं काम करत, आई शिवणकाम करायची. म्हणजे ब्रश आणि सुई यांवर चालणारं घर.

१९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडलं. जून १९४२ पासून जर्मनव्याप्त भागातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला कपड्यांवर पिवळा तारा शिवणं सक्तीचं झालं. हे तारे पोलिस चौकीवर मिळत, माणशी तीन, आणि त्यांच्या बदल्यात रेशनच्या कार्डावरचा कापडाचा एक गुण कापला जाई. अपमानाचीही किंमत मोजून घेणारा हा कारभार. मार्सेल आठ वर्षांचा होत होता. तारा त्याच्याही छातीवर आला. त्याच वर्षी फ्रेंच पोलिसांनी वडिलांना घरातून नेलं. फ्रेंच पोलिसांनी, जर्मन सैनिकांनी नव्हे. ही गोष्ट फ्रान्सनं उघडपणे मान्य करायला पुढं पन्नासहून जास्त वर्षं घेतली. पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीतून एर्विन गॉटलीबची रवानगी पूर्वेकडे झाली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपायला जेमतेम तीन महिने उरलेले असताना, बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्याचा शेवट झाला.

आईनं मुलांना लपवलं. त्या लपवण्यातलं एक ठिकाण म्हणजे ते शेत. ती शेळी तिथली.

युद्धानंतर शाळा लवकर सुटली. दिवसा औषधांच्या एका कंपनीत कारकुनी आणि संध्याकाळी चित्रकलेचे वर्ग. तिथे शिकवायला जॉर्ज पिशार नावाचा चित्रकार होता, जो पुढं स्वतःही कॉमिक्समध्ये नावाजला. मग पन्नाशीच्या दशकात एका प्रकाशनसंस्थेत ‘लेटरिंग’चं काम मिळालं: बाहेरून आलेल्या चित्रकथांच्या रिकाम्या फुग्यांत फ्रेंच मजकूर सुबक अक्षरांत भरायचा. दुसऱ्याच्या चित्रातल्या तोंडांना शब्द द्यायचे. कंटाळवाणं काम, पण वाया गेलं नाही. गोतलिबच्या पानांवर अक्षरं पुढं जे नखरे करतात, फुगतात, थरथरतात, एखाद्या किंकाळीला सबंध चौकट बहाल करतात, त्याची तालीम इथली.

१९६२ मध्ये त्याला ‘वायाँ’ या मुलांच्या साप्ताहिकात शिरकाव मिळाला. हे साप्ताहिक प्रतिकार-चळवळीच्या मुशीतून आलेलं आणि कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळातलं. तिथे त्यानं एक मुलगा आणि एक कोल्हा यांच्या गोष्टी सुरू केल्या. दोनेक वर्षांनी त्या गोष्टीत एक कुत्रा आला. लोंबत्या कानांचा, अर्धमिटल्या डोळ्यांचा. नाव गे-ल्यूरों, म्हणजे ‘खुशालचेंडू’. हा खुशालचेंडू कधी हसत नाही. आभाळ कोसळो, घर जळो, त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. अमेरिकन कार्टूनपटांतल्या ड्रूपी या कुत्र्याचा तो लांबचा नातेवाईक, हे गोतलिबनं कधी लपवलं नाही. वर्षभरात कुत्र्यानं मालिका बळकावली आणि कोल्हा मागं पडला. कुत्रा वाचकांच्या पत्रांना उत्तरंही देई, अत्यंत गंभीरपणे, आणि पत्रं मुळात गोतलिबच लिहीत असे.

मला या कुत्र्यात नंतरचा सगळा गोतलिब बीजरूपानं दिसतो. वरून काहीतरी कोसळतं, आणि ज्याच्यावर कोसळतं तो चेहरा सरळ ठेवतो.

१९६५ मध्ये गोतलिब आपली चित्रं काखेत मारून ‘पिलोत’च्या कचेरीत गेला. तिथला संपादक रने गोसिनी. ॲस्टेरिक्सचा लेखक, लकी ल्यूकचा लेखक, ‘छोटा निकोला’चा लेखक. पॅरिसमध्ये जन्मलेला, ब्वेनोस आयरेसमध्ये वाढलेला, न्यूयॉर्कमध्ये उपाशीपोटी उमेदवारी केलेला ज्यू. त्याच्याही आईकडचे जवळचे नातेवाईक छावण्यांत मारले गेले होते. न्यूयॉर्कमध्ये त्याची ओळख हार्वी कर्ट्झमनशी झाली होती. त्याच कर्ट्झमननं १९५२ मध्ये ‘मॅड’ काढलं. गोसिनीच्या मनात तेव्हापासून होतं की ‘मॅड’च्या जातीचं काहीतरी फ्रेंचमध्ये करावं, फक्त त्याला फ्रेंच हाडामांसाचा चित्रकार हवा होता.

तो त्याला मिळाला. ‘दँगोदोसिए’ हे त्यांचं दोघांचं सदर १९६५ पासून दर आठवड्याला येऊ लागलं. नावाचा अर्थ साधारण ‘येडपट फायली’. प्रत्येक फायलीत एक विषय: शाळेतले विद्यार्थी, सुट्टीतलं कुटुंब, एखादं यंत्र, एखादा छंद. निवेदन पाठ्यपुस्तकी, शिष्ट, समजूतदार; आणि खालच्या चित्रात त्याच्या नेमकं उलट. शब्द सरळ चालतात आणि चित्र त्यांच्या पायात पाय घालतं. गोसिनी टंकलिखित संहिता देई, फ्रेम-न्-फ्रेम आखलेली, आणि गोतलिब त्यात हातवारे, कपाळावरच्या आठ्या, घामाचे थेंब भरत असे. नाटकात दिग्दर्शक आणि नट यांच्यात जे घडतं तसं काहीतरी या दोघांत घडलं. वयात अंतर आठच वर्षांचं. तरी गोतलिब पुढं आयुष्यभर गोसिनीबद्दल बोलताना बापाच्या जागी मानलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत राहिला. आठव्या वर्षी बाप गमावलेल्या मुलानं एकतिसाव्या वर्षी बाप शोधला, असं लिहायला हात शिवशिवतो. फार सोपं वाक्य आहे ते. पण गोतलिबनं स्वतःच ते जवळजवळ याच शब्दांत मान्य केलंय, त्यामुळे ते राहू देतो.

मग १९६७ च्या अखेरीस गोसिनीनं त्याला सांगितलं की मला आता वेळ होत नाही, तू एकट्यानं लिही. ॲस्टेरिक्सचा डोंगर वाढत चालला होता, हे खरं कारण असेलच. पण चित्रकाराला लेखक म्हणून मोकळं सोडण्याचं धाडस फार कमी संपादकांत असतं, आणि गोसिनीला माणूस ओळखता येत होता. जानेवारी १९६८ पासून गोतलिबचं स्वतंत्र सदर सुरू झालं: ‘रुब्रीक-आ-ब्राक’. ‘रुब्रीक’ म्हणजे नियतकालिकातलं सदर आणि ‘ब्रिक-आ-ब्राक’ म्हणजे माळ्यावरची अडगळ. दोन्ही एकत्र करून ‘सदरगळ’ म्हणा हवं तर.

या सदरगळीनं फ्रेंच मध्यमवर्गाची एक सबंध पिढी बिघडवली. न्यूटनचंच घ्या. झाडाखाली बसलेल्या न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडतं आणि त्याला गुरुत्वाकर्षण सुचतं, ही गोष्ट प्रत्येक शाळेत शिकवतात. गोतलिबनं ती एकदा सांगितली आणि मग सोडलीच नाही. विषय कुठलाही असो, कुठूनतरी झाड येतं, झाडाखाली पावडर लावलेल्या टोपातला न्यूटन येतो, आणि त्याच्या डोक्यावर काहीतरी आदळतं. कधी सफरचंद, कधी पेलिकन, कधी त्याहून जड काही. दरवेळी साहेब डोकं चोळत उठतात आणि निसर्गाचा नियम शोधल्याच्या आनंदात असतात. विनोद पहिल्या वेळी फळाचा असतो, दहाव्या वेळी तो वाट पाहण्याचा झालेला असतो. वाचक पानाच्या वरच्या कोपऱ्यातच झाड शोधायला लागतो.

तिथेच प्राध्यापक ब्युर्प आहेत, प्राणिसृष्टीवर व्याख्यान देणारे. तिथेच एक चिमुकला लेडीबर्ड किडा आहे, काळ्या ठिपक्यांचा. चौकटीत मुख्य पात्रांचं जे चाललं असेल त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. तो खालच्या कडेला उभा राहून आपलं वेगळंच नाटक करत असतो, शेरे मारतो, रडतो, झोपतो. एकदा तो दिसायला लागला की मुख्य गोष्ट वाचून झाल्यावर त्याच्यासाठी पान पुन्हा वाचावं लागतं. पाच संग्रह निघाले, १९७० ते १९७४ या काळात, आणि पाचही आज फ्रान्समध्ये घराघरांत जीर्ण झालेल्या प्रतींच्या रूपात आढळतात. प्रती जीर्ण असणं हा विनोदी लेखकाला मिळणारा खरा पुरस्कार.

आणि तिथेच आयुक्त बुग्रे आणि त्याचा निष्ठावान सहायक शारोल. त्या वेळच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेतल्या पोलिस अधिकाऱ्याचं हे विडंबन. बुग्रेला गोतलिबनं चित्रकार मित्र जेबेचा चेहरा दिला, शारोलला स्वतःचा. गुन्हा काहीही असो, संशयित तेच दोघे: एकाचा चेहरा गोसिनीचा, दुसऱ्याचा चित्रकार फ्रेदचा. बुग्रेची तर्कबुद्धी एखाद्या किरकोळ तपशिलावरून अशी काही उडी मारते की शारोल भक्तिभावानं हात जोडायचा तेवढा बाकी राहतो. कचेरीतल्या मित्रांनी मिळून केलेली ही चेष्टा आहे, खेळीमेळीची. तरी ज्या मुलानं पोलिसांना आपल्या घरात शिरून बापाला नेताना अनुभवलं, त्याच्या हातून असे पोलिस उतरावेत, ज्यांच्या अटकेचा पुराव्याशी संबंध नाही आणि ज्यांचे संशयित आधीच ठरलेले आहेत, हे वाचून मी थबकलो. गोतलिबनं हा धागा जोडला होता असं माझं म्हणणं नाही. पण माझ्याच्यानं तो तुटत नाही.

१९७२ मध्ये लेखक जाक लोबबरोबर काढलेल्या ‘सुपरद्युपों’बाबत मात्र एवढं जपून बोलायचं कारण नाही. सुपरमॅनचा हा फ्रेंच अवतार. डोक्याला बेरे टोपी, झुबकेदार मिशा, पांढरा गंजीफ्रॉक, कमरेला तिरंगी पट्टा, पायांत घरातल्या मऊ सपाता, काखेत लांब पाव. फ्रेंच चीज, फ्रेंच वाईन आणि फ्रेंच अब्रू यांच्या रक्षणासाठी तो आकाशातून झेपावतो. त्याचा शत्रू म्हणजे ‘आन्ती-फ्रांस’, नाना देशांच्या भाषांची खिचडी बोलणारी एक गुप्त संघटना. आता हा शब्द लोब-गोतलिबनी बनवलेला नाही. फ्रेंच उजव्या गटांनी तो आधीपासून वापरला, आणि युद्धकाळात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी राजवटीच्या प्रचारयंत्रणेनं ज्यू, फ्रीमेसन, कम्युनिस्ट आणि परदेशी या सगळ्यांना मिळून तेच नाव दिलं होतं. म्हणजे ज्या शब्दाच्या छायेत बाप नेला गेला, तोच शब्द मुलानं तीस वर्षांनी चित्रकथेतल्या खलनायकाला चिकटवला आणि त्याच्यावर सगळ्या फ्रान्सला हसवलं. याला सूड म्हणायचं तर फार हसरा सूड आहे.

पण ‘पिलोत’ची कथा इथवर येण्याआधी मागं जाऊन एक प्रसंग सांगायला हवा, कारण त्यावाचून पुढचं समजत नाही.

१९५६ साली गोसिनी स्वतः एका चित्रकथा-संस्थेत नोकर होता. चित्रकार-लेखकांना कामाचे हक्क मिळावेत म्हणून त्यानं सहकाऱ्यांबरोबर एक मागणीपत्र तयार केलं. मालकांनी त्याला काढून टाकलं. त्याच्यामागोमाग चित्रकार अल्बेर उदेर्झो आणि लेखक जाँ-मिशेल शार्लिए बाहेर पडले. या तिघांच्या आणि आणखी काही जणांच्या पुढाकारानं २९ ऑक्टोबर १९५९ ला ‘पिलोत’ निघालं. म्हणजे ‘पिलोत’ हे मुळात बंडखोरांचं अपत्य.

मे १९६८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवरचे दगड उखडले गेले, विद्यार्थी आणि कामगार संपावर गेले, आणि ती हवा ‘पिलोत’मध्येही शिरली. चित्रकारांनी गोसिनीला एका ब्रासरीत बैठकीला बोलावलं. तो गेला आणि आपण आरोपीच्या जागी बसलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. तू मालकांचा माणूस, तू ठरवतोस, तू श्रीमंत झालास. बारा वर्षांपूर्वी चित्रकारांसाठी नोकरी गमावलेल्या माणसाला चित्रकारांकडूनच हे ऐकावं लागलं. त्यानंतर साप्ताहिकात सुधारणा झाल्या, दर आठवड्याला बैठका होऊ लागल्या, चालू घडामोडींवर सगळ्यांनी मिळून करायची पानं आली, मजकूर धीट झाला. ‘पिलोत’ची सगळ्यांत झकास वर्षं ती यानंतरची. पण गोसिनीला ती संध्याकाळ लागली ती कायमची.

त्याची अडचण खरी होती. १६ जुलै १९४९ चा फ्रेंच कायदा मुलांच्या नियतकालिकांवर नजर ठेवणारं मंडळ नेमतो. कॉमिक्स म्हणजे मुलांचं, हे गृहीतच. ‘पिलोत’चे वाचक मोठे होत होते, चित्रकार त्यांच्याही पुढं धावत होते, आणि संपादकाला एका डोळ्यानं त्या मंडळाकडे पाहावं लागे. शिवाय गोसिनीला स्वतःची अशी एक मर्यादा होती. चावटपणा त्याच्या स्वभावातच नव्हता. ॲस्टेरिक्सच्या चोवीस पुस्तकांत त्यानं शेकडो माणसांना बडवलंय, पण एकाही बाईचा पदर ओढलेला नाही.

ठिणगी पडली ती मात्र चावटपणावरून नव्हे. निकिता मांद्रिका नावाचा चित्रकार ‘मुखवटेवाली काकडी’ नावाच्या पात्राच्या अतर्क्य गोष्टी काढत असे. त्यानं एक गोष्ट आणली ज्यात ती काकडी बागेत दगड वाढताना बघत बसते. गोसिनीनं ती परत केली. मांद्रिका चिडून बाहेर पडला आणि स्वतःचं नियतकालिक काढायला निघाला. त्यानं बरोबर घेतलं चित्रकार क्लेर ब्रेतेशेरला आणि गोतलिबला. मे १९७२ मध्ये तिघांचं ‘एको दे सावान’ निघालं, ‘फक्त प्रौढांसाठी’ अशा सूचनेसह. फ्रेंच कॉमिक्समधला तो उंबरठा ओलांडला गेला तो दगड वाढण्याच्या गोष्टीवरून. इतिहासालाही कधीकधी गोतलिबी विनोदबुद्धी असते.

गोतलिबला ‘पिलोत’ सोडायचं नव्हतं. इकडे सदरगळ, तिकडे ‘एको’त मनातलं सगळं, असं दोन्ही चालेल असा त्याचा भाबडा हिशेब. आणि मनातलं सगळं म्हणजे सगळं. ज्याला आजवर कपाळावरच्या घामापलीकडे काही काढायची मुभा नव्हती, त्यानं शरीराची सगळी दारं उघडली. वेगवेगळ्या धर्मांचे देव एका क्लबात जमून धिंगाणा घालतात, अशी एक गोष्ट तिथली. ‘देवाच्या लाडक्या’नं देवांनाही सोडलं नाही. आज ती पानं वाचताना मला त्यांतली काही नुसती पौगंडावस्थेतली वाटतात: इतकी वर्षं बंद ठेवलेलं झाकण एकदम उघडल्यावर जे उसळतं ते. काही मात्र भन्नाट आहेत. दोन्हींत फरक करण्याची गरज त्या वेळी त्याला वाटली नसावी.

गोसिनीला ते आवडलं नाही. नुसती चित्रं आवडली नाहीत असं नव्हे. १९६८ मध्ये परके वाटलेले चित्रकार गेले असते तर त्यानं सोसलं असतं. हा तर त्यानं हाताला धरून लिहितं केलेला माणूस. दोघांत भांडण असं झालं नाही, पण बोलणं आटलं. गोतलिब हळूहळू ‘पिलोत’मधून बाहेर पडला. १९७४ मध्ये ‘पिलोत’ साप्ताहिकाचं मासिक झालं आणि गोसिनीनंही संपादकाची खुर्ची सोडली.

‘एको’चा कारभार मित्रांनी चालवलेल्या मासिकांचा असतो तसाच होता. हिशेबाच्या नावानं शंख. ब्रेतेशेर आणि गोतलिब दोघंही त्यातून निघाले. ब्रेतेशेर ‘नूव्हेल ऑब्झर्व्हातर’ या साप्ताहिकात पॅरिसच्या सुशिक्षित, डाव्या, सदैव कुढणाऱ्या मंडळींची जी थट्टा करत होती, तिच्याकडे वळली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. गोतलिबनं बालमित्र जाक दियामांला गाठलं. हा हिशेब ठेवणारा. तिसरा घेतला आलेक्सी, खरं नाव दोमिनिक व्हाले, गोतलिबहून बारा वर्षांनी लहान आणि हातात अफाट कसब असलेला चित्रकार. सुपरद्युपोंची चित्रं आता तोच काढत होता. १ एप्रिल १९७५ ला ‘फ्लुइद ग्लासियाल’चा पहिला अंक आला. ‘फ्लुइद ग्लासियाल’ म्हणजे चेष्टेच्या वस्तूंच्या दुकानात मिळणारं एक द्रव. खुर्चीवर थोडं टाकून ठेवायचं; बसणाऱ्याचं बूड गार पडतं आणि तो उडतो. प्रकाशनसंस्थेचं नाव ‘ओदी’, पाच शब्दांची आद्याक्षरं: गंमत, विनोद, टिंगल, हास्य ‘आणि असलंच सगळं’. त्यातले ‘विनोद’ आणि ‘हास्य’ हे शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं.

इथे त्याचा ‘पर्व्हेर पेपेर’ अवतरला. रेनकोट घातलेला, वखवखल्या डोळ्यांचा म्हातारा. बाई दिसली की कोट उघडतो; आणि आत असतं ते वाचकाच्या मनात आलेलं नसून भलतंच काही. चावटपणा म्हाताऱ्याचा नव्हे, पाहणाऱ्याचा. ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडक्या उघडून पान उलटलेल्या कुणालाही हा खेळ समजावून सांगायला नको.

पण ‘फ्लुइद’ची खरी गंमत त्याच्या घरात कोण कोण आलं यात आहे. ‘स्पिरू’सारख्या मुलांच्या साप्ताहिकात उभं आयुष्य काढलेला बेल्जियन महारथी आंद्रे फ्रांकें आपली काळीकुट्ट, माणसाच्या भवितव्यावर भरवसा नसलेली चित्रमालिका घेऊन १९७७ मध्ये इथेच आला. बिनेचं ‘बिदोशों’ जोडपं, फ्रेंच मध्यमवर्गाचा आरसा, इथलंच. एदिका, गूसान्स हे चित्रकार इथलेच. दर महिन्याला गोतलिब संपादकीय लिहीत असे, नव्या पोरांची चित्रं पाहत असे, कुणाला मोकळं सोडायचं ते ठरवत असे. म्हणजे टेबलाच्या ज्या बाजूला गोसिनी बसायचा, तिथे आता तो बसला होता.

हे गोसिनीला सांगायची वेळ आली नाही. १९७७ च्या ७ सप्टेंबरला आलेक्सी गेला. मेंदूत रक्तस्राव, एकतिसावा वाढदिवस अकरा दिवसांवर होता. आणि ५ नोव्हेंबरला, पॅरिसमध्ये हृदयतज्ज्ञाकडे ताण-तपासणी चालू असताना, सायकलीवर पाय मारता मारता, रने गोसिनी गेला. वय ५१.

दोन महिन्यांच्या आत गोतलिबनं हाताखालचा धाकटा भाऊ आणि मनातला बाप गमावला. दुसऱ्याशी बोलायचं तर राहूनच गेलं. ज्याला कधी निरोप देता आला नाही असा हा त्याच्या आयुष्यातला दुसरा बाप.

त्यानंतर त्याची चित्रं कमी होत गेली. एका दिवसात थांबली असं नाही. काही वर्षं तो काढत राहिला, जुन्या गे-ल्यूरोंला ‘फ्लुइद’मध्ये परत आणलं, आणि १९८६ मध्ये त्या कुत्र्याचा शेवटचा संग्रह आला, ज्यात एकेकाळी मुलांच्या साप्ताहिकातला हा गंभीर प्राणी चड्डीवर आहे. त्यापुढं चित्रकथा नाही. वय होतं ५२. हात चांगला होता, प्रकाशनसंस्था स्वतःची होती, वाचक वाट पाहत होते. थकवा, आत्मसंशय, काय वाटेल ते कारण देता येईल. सगळं सांगून झालंय असंही एखाद्याला वाटू शकतं, आणि विनोदी लेखकांना ते वाटत नाही हीच बहुधा मोठी अडचण असते. गोतलिब वेळेवर थांबला. १९९१ मध्ये आंगुलेमच्या चित्रकथा-महोत्सवानं त्याला सर्वोच्च सन्मान दिला, तेव्हा त्याला चित्रकथा सोडून पाच वर्षं झाली होती. १९९५ मध्ये त्यानं आणि दियामांनी ‘फ्लुइद’ एका मोठ्या प्रकाशकाला विकून टाकलं. ते मासिक आजही निघतं.

चित्रं थांबल्यावर त्यानं शब्द हाती घेतले. १९९३ मध्ये आलेल्या आत्मकथनाच्या नावाचा अर्थ होतो: मी आहे, माझी नि माझी गाठ पडलीय. त्यात तारा आहे, वडील आहेत, शेत आहे. १९६९ मध्ये दोन पानांत जे न सांगता सांगितलं होतं, ते त्यानं इथे ठिकाणं आणि माणसांसह सांगितलं. मला विचाराल तर पुस्तक चांगलं आहे, पण त्या दोन पानांची सर त्याला नाही. पुस्तकात आपण ऐकतो. त्या पानांवर वादळ आपल्याही डोक्यावर गडगडतं आणि ते कसलं हे आपल्यालाही कुणी सांगत नाही.

२०१४ मध्ये पॅरिसच्या ज्यू कला आणि इतिहास संग्रहालयानं त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. जुन्या मारे वस्तीतल्या सतराव्या शतकातल्या वाड्यात हे संग्रहालय आहे. न्यूटन आणि पर्व्हेर पेपेर अशा वास्तूच्या भिंतींवर लागले. ४ डिसेंबर २०१६ रोजी ल व्हेझिने या पॅरिसलगतच्या गावात तो गेला. वय ८२.

‘रुब्रीक-आ-ब्राक’चे संग्रह अजून छापले जातात. शेळीची गोष्ट त्यांतच आहे, अधल्यामधल्या पानांवर, बाकीच्यांसारख्याच चौकटींत. तिच्या आधीच्या पानांवर हसू येतं. मग ती दोन पानं. मग पान उलटलं की पुन्हा काहीतरी येडपट, आणि पुढे कुठेतरी, पानाच्या वरच्या कोपऱ्यात, एक झाड.